लग्नातून बातमीत आलेल्या कॅमेरामनला

पत्र: “मी मिरजेचा, वय २४. तीन वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. चार महिन्यांपासून सांगलीतल्या एका केबल वृत्तवाहिनीत कॅमेरामन आहे. कॅमेरा माझाच, गाडीही माझीच. रोज तीन-चार बातम्या होतात. पण डेस्कवरून रोज एकच ऐकतो, ‘लग्न शूट करून आणलंयस का?’ एका बातमीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं शूट करतो, तरी एडिटर म्हणतो व्हिज्युअलच नाहीत. दोनदा बाईटचा (कॅमेऱ्यासमोर घेतलेल्या प्रतिक्रियेचा) आवाज फाटला, एकदा आलाच नाही. संध्याकाळी फाइल जाता जात नाही. खांदा भरून येतो. पावसाळा तोंडावर आलाय आणि पुराचं कव्हरेज मी कधी केलेलं नाही. परत लग्नांकडे वळावं का? आणि जिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) विकून दुसरा माईक घेऊ का?” – एक वाचक, मिरज

तुम्हाला डेस्कवरून जो टोमणा बसतो, त्यात अर्धंच तथ्य आहे. लग्नाच्या कामातल्या काही सवयी बातमीत नडतात. काही मात्र इतक्या कामाच्या आहेत की कोर्स करून आलेल्या पोरांना त्या अंगात मुरायला दोन वर्षं लागतात. मंगलाष्टका संपायच्या आधी आपण कुठे उभं असायला हवं, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. अंतरपाट एकदाच निघतो, आणि त्या क्षणी बॅटरी बदलत बसणारा त्या धंद्यात टिकत नाही. मंत्र्याची गाडी विश्रामगृहात शिरते तेव्हाही हेच लागतं: दार कुठल्या अंगाला उघडणार, ऊन कुठून येतंय, हार घेऊन उभी असलेली माणसं कुठे दाटी करणार. ही नजर जपा.

सोडायची पहिली सवय म्हणजे ‘परत एकदा’. हार नीट दिसला नाही की आपण नवरदेवाला परत घालायला लावतो. बातमीत घटना परत घडवून घ्यायची नाही. आंदोलकांना ‘घोषणा जरा जोरात’, शेतकऱ्याला ‘टोमॅटो परत एकदा ओता’ असं सांगितलं की ती बातमी राहत नाही. शिवाय शेजारच्या चॅनेलच्या कॅमेऱ्यात तुम्ही सांगताना दिसता, ते वेगळंच. बाईटचं तसं नाही. मध्येच ट्रक गेला, आवाज आला नाही, तर बिनदिक्कत म्हणा, ‘साहेब, आवाज आला नाही, पुन्हा बोलता का?’ अधिकाऱ्याला आणि पुढाऱ्याला त्याची सवय असते. रुग्णालयाच्या दारात रडणाऱ्या नातेवाइकाकडे मात्र बाईट दुसऱ्यांदा मागू नका. तो गेला तर गेला.

आता कॅमेरा. पत्रात तुम्ही सेटिंग लिहिलेलं नाही, पण लग्नाच्या कॅमेऱ्यात सहसा काय असतं ते माहीत आहे: सेकंदाला ६० फ्रेम, लॉग प्रोफाइल (नंतर रंग चढवायचे म्हणून मुद्दाम फिकं ठेवलेलं चित्र), उघडं ॲपर्चर. तिन्ही बदला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची. ट्यूबलाइटच्या सभागृहात शटर १/६० ठेवलं की चित्रावर पट्टे सरकतात किंवा उजेड फडफडतो. २५ फ्रेम आणि शटर १/५० हा मुक्काम पक्का करा. एखाद्या एलईडी दिव्याखाली तरीही पट्टे आले तर १/१०० करून बघा. चॅनेल ५०आय (सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम) मागत असेल तर ते आधी एडिटरला विचारून घ्या. लॉग प्रोफाइल लग्नाला ठीक, तिथे रंग चढवायला महिना असतो. इथे सहाच्या बुलेटिनची फाइल साडेपाचला पोचते आणि तशीच राखाडी, धुरकट दिसते. कॅमेऱ्यातलं साधं, स्टँडर्ड प्रोफाइल लावा. बाईटला ॲपर्चर एफ ४ ते ५.६ ठेवा. १.८ वर पार्श्वभूमी लोण्यासारखी दिसते खरी, पण बोलताना पुढारी वीतभर मागेपुढे झाला की नाक स्पष्ट आणि डोळे अंधुक. त्यातून मागचा फलक वाचता आला नाही तर कार्यक्रम कुठला हेही कळत नाही.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका. निळ्या ताडपत्रीच्या मांडवाखाली चेहरे निळे पडतात, आणि बाईट चालू असताना मागून भगवा फेटा गेला की ऑटो मध्येच रंग बदलतं. पांढरा कागद धरा, पाच सेकंदांचं काम आहे. प्रेस नोटची मागची बाजू चालते.

आता पंचेचाळीस मिनिटांचा प्रश्न. दीड मिनिटाचं पॅकेज, म्हणजे कापून तयार झालेली बातमी, धरा. त्यात दोन बाईट, प्रत्येकी पंधरा सेकंद. उरलं एक मिनिट. शॉट सरासरी चार सेकंद दिसतो, म्हणजे एडिटरला पंधरा शॉट लागतात. निवडायला थोडी जागा म्हणून वीस द्या. प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर धरला तर वीस शॉटचे झाले जेमतेम साडेतीन मिनिटं. बाईट धरून सगळं आठ-दहा मिनिटांत बसतं. तुमच्या पंचेचाळीस मिनिटांत वीस स्थिर शॉट नसतात. कॅमेरा सतत फिरत असतो, एक सेकंद इथे, दोन सेकंद तिथे, आणि कापायला कुठेच जागा नसते. ‘व्हिज्युअल नाहीत’चा अर्थ हा.

रेकॉर्ड दाबा, मनात एक ते दहा मोजा, बंद करा, जागा बदला. मोजताना बोट झूमवर नको. पॅन करायचाच असेल तर सुरुवातीला पाच सेकंद थांबा, शेवटी पाच थांबा. निदान ही दोन टोकं तरी वापरता येतात. स्लो मोशन विसरा. मोर्चातली माणसं तरंगताना दिसली की प्रेक्षक हसतो, आणि त्या फाइलला बहुतेक कॅमेऱ्यांत आवाजही नसतो.

मार्केट यार्डातले हळदीचे सौदे घ्या, हंगामात ही बातमी तुमच्या वाट्याला येणारच. शेड उंचावरून, ढिगांच्या रांगा आणि मधली माणसं: एक वाइड. व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगाभोवती: मिड. मग हात. व्यापारी हळकुंड उचलतो आणि मोडून आतला रंग बघतो. या एका क्रियेचे तीन शॉट होतात: उचलणारा हात, मोडलेल्या तुकड्याचा केशरी गाभा अगदी जवळून, आणि बघणाऱ्याचे बारीक झालेले डोळे. मोडण्याचा ‘टक्’ असा आवाज येतो, तो माईक जवळ नेऊन वेगळा घ्या, पॅकेजची सुरुवात त्यावरच होईल. मग पोत्याला टाके घालणारी सुई, हमालाच्या पाठीवरचं पोतं, वजनकाट्याचा आकडा. आणि दर पुकारला जातो तेव्हा कॅमेरा दर बोलणाऱ्यावर नको, ज्याची हळद आहे त्या शेतकऱ्यावर हवा. त्याच्या चेहऱ्यावर पाच सेकंदांत काय होतं तीच बातमी. तो शेतकरी कोण हे आधी विचारून ठेवावं लागतं, नाहीतर तो गर्दीत हरवतो. अंतरपाट निघायच्या आधी नवरीकडे कॅमेरा वळवणाऱ्याला हे अवघड नाही.

फाइल जात नाही त्याचंही मूळ इथेच आहे. ५० एमबीपीएसने (सेकंदाला ५० मेगाबिट) शूट केलं तर एका मिनिटाचे ३७५ एमबी होतात, पंचेचाळीस मिनिटांचे जवळपास १७ जीबी. मोबाइलचा अपलोड ५ एमबीपीएस मिळाला तर एवढं जायला साडेसात तास. त्याऐवजी मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर निवडक शॉट आणि बाईट मिळून तीन मिनिटं कापा, ८ एमबीपीएसने बाहेर काढा. १८० एमबीची फाइल पाच मिनिटांत पोचते. व्हॉट्सॲपवर टाकायची वेळ आली तर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर ती आणखी चेपली जाते. सभेच्या मैदानातून अपलोड करत बसू नका. वीस हजार मोबाइल एकाच टॉवरवर लटकलेले असतात. एक-दीड किलोमीटर बाहेर या, चहा सांगा, चहा यायच्या आत फाइल जाईल. फाइलच्या नावात तारीख, गाव, विषय आणि बाईट देणाऱ्याचं नाव हवं. प्रत्येक बाईटच्या आधी माईकवर नाव आणि हुद्दा बोलून घ्या. ‘जाधव’ असे जिल्ह्यात हजार असतात.

आवाजाकडे वळू, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे. लग्नात आवाजाला किंमत नसते, वर गाणं चढवलं की झालं. बातमीत वाईट चित्र आणि चांगला आवाज चालून जातो, उलटं कधीच चालत नाही. चालू असताना हेडफोन कानात हवेतच, तेही वायरचे. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो आणि बॅटरी ऐनवेळी संपते. मीटरवर पट्टी हलतेय म्हणजे आवाज येतोय असं धरणाऱ्यांचेच बाईट जातात. पट्टी घरघरीनेही हलते.

बूम, म्हणजे बोलणाऱ्यासमोर धरायचा माईक, कॅमेऱ्याच्या पहिल्या ऑडिओ चॅनेलला, कॅमेऱ्यावरचा माईक दुसऱ्याला. एक गेला तर दुसरा असतो. लेव्हल हाताने लावा: साधं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास, ओरडलं तरी उणे ६ च्या वर नको. ऑटोवर ठेवलं की बोलणारा श्वास घ्यायला थांबतो तेव्हा कॅमेरा आवाज स्वतःहून वाढवतो आणि पंख्याची घरघर उसळी मारून येते. बूम तोंडापासून वीतभर, हनुवटीच्या किंचित खाली. खोलीत बाईट घेताना पंखा, कूलर बंद करायला सांगा, संपल्यावर आठवणीने लावा. बाहेर वारा असेल तर माईकवर केसाळ कव्हर चढवा आणि बोलणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे करा.

आवाज ‘फाटला’ असं तुम्ही लिहिलंय, आणि दोन्ही वेळा पत्रकार परिषद किंवा सभा असणार अशी आमची अटकळ आहे. सभेतल्या मिक्सरवरून वायर घेता तेव्हा तिथून लाइनचा सिग्नल येतो. तो माईकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी जोरकस. कॅमेऱ्याचा स्विच ‘माईक’वर राहिला तर लेव्हल कितीही कमी केली तरी आवाज फाटलेलाच येतो, कारण तो लेव्हलच्या खटक्यापर्यंत पोचायच्या आधीच फाटतो. स्विच ‘लाइन’वर करा. कॅमेऱ्यातून माईकला जाणारी ४८ व्होल्टची वीज बंद आहे ना बघा; ती चालू राहिली तर काही मिक्सर गुणगुणायला लागतात. आणि सतत ‘हं…’ असा घुमा ऐकू आला तर कॅमेरा विजेच्या ॲडॉप्टरवर आहे का बघा. काढा, बॅटरीवर घ्या, बहुतेक वेळा तिथल्या तिथे जातो. मिक्सरवाल्याशी दोन शब्द गोड बोलून ठेवावेत, त्याच्या हातात तुमचा दिवस असतो.

आवाज आलाच नाही ती वेळ वायरलेसची असावी. स्वस्तातले बहुतेक वायरलेस माईक २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, तिथेच वायफाय आणि ब्लूटूथची गर्दी. मोर्चात रिपोर्टर ट्रान्समीटर खिशात घालून तुमच्याकडे पाठ करून उभा राहिला की त्याचं स्वतःचं शरीरच सिग्नल अडवतं. ट्रान्समीटर कॅमेऱ्याच्या बाजूने लावा, आणि बॅगेत वायरचा माईक कायम असू द्या. जागा सोडण्याआधी शेवटची दहा सेकंदं चालवून ऐका. गाडीला किक मारल्यावर नव्हे, आधी.

खांदा. तुम्ही कॅमेरा तासन्‌तास हातात तोलत असणार. पाच मिनिटांपेक्षा लांबणारी पत्रकार परिषद असेल तर स्टँड, गर्दी असेल तर मोनोपॉड. बॅग एकाच खांद्याला लटकवू नका, पाठीवर दोन्ही पट्ट्यांची घ्या. गाडीवर कॅमेरा पेट्रोलच्या टाकीवर ठेवून नेऊ नका: इंजिनाची थरथर लेन्समधल्या स्टॅबिलायझरला खिळखिळं करते, मग स्थिर शॉटही थरथरतो आणि आपण हाताला दोष देत बसतो. बॅगेत तीन बॅटऱ्या, ६४ जीबीची चार कार्डं, छोटा एलईडी दिवा, पॉवर बँक, चिकटपट्टी, कोरडा शर्ट, पाणी. आणि चणे-गूळ किंवा काहीतरी. दुपारचं जेवण चारला होतं त्या दिवशी साडेतीनला हात हलायला लागतो.

दंगा, दगडफेक, ऊस आंदोलनात पेटलेले टायर: पोलीस आणि जमाव यांच्या मधोमध कधीच नाही. बाजूला, भिंत पाठीशी, आणि निघायची वाट आधी बघून ठेवलेली. एक डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये असताना दुसरा उघडा ठेवायची सवय लावा. बैलगाडा शर्यतीत लोक ओरडून जवळ बोलावतात, पण बैल वळणावर किंवा शेवटच्या रेषेपलीकडे कुठेही घुसतात. उंच कठड्यावरून, लांब लेन्सने घ्या.

मिरजेचे आहात म्हणून आणखी एक. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत लेसर लागलेले असतात. लेसरचा झोत सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपके पडतात, आणि ते दुरुस्त होत नाहीत, सेन्सरच बदलावा लागतो. मिररलेस कॅमेऱ्यात रेकॉर्ड बंद असलं तरी सेन्सर उघडाच असतो. झोताच्या बाजूला उभे राहा, थांबलात की लेन्सला टोपी लावा. आरेवाडीच्या बिरोबासारख्या यात्रेत भंडारा उधळतात, तिथे लेन्सला यूव्ही फिल्टर आणि कॅमेऱ्याला पारदर्शक प्लास्टिक. झूमच्या फटीत भंडारा गेला तर ओलं फडकं लावू नका, त्याचा चिखल होऊन आत बसतो. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग पुन्हा ब्लोअर. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी जाते.

पूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी; कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी तिशीच्या पुढे सरकायला लागलं की तयारीला लागा: सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या भागांत पाणी आधी शिरतं आणि तिथल्या लोकांचं सामान हलवणं ही पहिली बातमी असते. पुराआधीच्या कोरड्या दिवसात त्या गल्ल्या एकदा पायी फिरून घ्या, उघडी चेंबर आणि विजेच्या डीपी कुठे आहेत ते लक्षात ठेवा. पाणी आल्यावर ते दिसत नाहीत.

वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही, चित्र कितीही चांगलं दिसत असो. साचलेल्या पाण्यातही पुढे काठी टेकवत चला. डीपीच्या आसपास पाणी असेल तर मागे फिरा. पायात घट्ट बूट, चप्पल पहिल्या चिखलात राहते. पायाला जखम असेल तर उतरूच नका, आणि पाण्यात उतरावं लागलंच तर त्याच दिवशी डॉक्टरांना लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळीबद्दल विचारा. बचावाच्या बोटीत जागा मागू नका. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, त्यानंतर बोटीत एक माणूस जास्त म्हणजे काय हे या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रशासन पत्रकारांसाठी वेगळी फेरी काढत असेल तर लाइफ जॅकेट घालून जा, तेही बंद लावून. बोट काठाला लागते तेव्हा उतरणाऱ्या म्हातारीसमोर बूम धरू नका. ती कोरड्यावर येऊन बसू दे, पाणी पिऊ दे. मग विचारा, ती स्वतःच बोलते.

पुलापाशी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवरचा आकडा दिसेल असा शॉट घ्या आणि माईकवर तारीख-वेळ बोला. पुरात पातळी तासागणिक बदलते. सकाळचं चित्र संध्याकाळी लागलं की घबराट होते, आणि मागच्या वर्षीचं लागलं तर चॅनेलची अब्रू जाते. तुमच्या जुन्या कार्डांवर वर्ष लिहिलेलं आहे का, बघा.

एसी गाडीतून किंवा ऑफिसातून दमट हवेत आलात की लेन्सवर धुकं धरतं, कधी आतूनही. पुसून जात नाही. कॅमेरा बॅगेतच ठेवून ती बॅग वीस-तीस मिनिटं आधी बाहेरच्या हवेत ठेवा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलणाऱ्या मिळतात. कॅमेऱ्यात पाणी गेलंच तर पहिली गोष्ट बॅटरी काढणे, दुसरी कार्ड काढणे, आणि तिसरी म्हणजे चालू करून न बघणे. हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यातही नको. त्याची भुकटी आत जाते आणि गाळ तसाच राहतो. सर्व्हिसला द्या. पुरात वीज आधी जाते, मग नेटवर्क. चारचाकीत चालणारा चार्जर आणि कार्ड बाहेर पोचवणारा माणूस, दोन्ही ठरवून ठेवा.

काही चेहरे दाखवायचेच नसतात, आणि ही जबाबदारी डेस्कवर ढकलू नका. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. मूल असेल तर पोक्सोचं कलम २३, त्यात घर, शाळा, कुटुंब, शेजार यांतलं काहीही दाखवून ओळख पटत असेल तर तेही आलं. कायद्याशी संघर्ष झालेल्या अल्पवयीन मुलांसाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७४. ‘एडिटर ब्लर करेल’ हे चालत नाही, कारण तुमची कच्ची फाइल आधी ग्रुपवर पडते आणि तिथून गावभर जाते. ब्लर करावं लागेल असं शूटच करू नका. गल्लीची पाटी, घराचा रंग, दारातली मोटरसायकल, वडिलांचा शर्टसुद्धा नको. खिडकीसमोर बसवून काळी आकृती घेतात, ती उजेड वाढवला की ओळखू येते. त्यापेक्षा हात, पायाची बोटं, भिंतीवरची सावली. आवाजावरून गाव ओळखतं, म्हणून तो बदलायला सांगा. बुरखा घातलेल्या आरोपीचा चेहरा मिळवण्यासाठी धडपडू नका. ओळख परेड व्हायची असते, आणि चेहरा आधी टीव्हीवर दिसला तर बचावाचा वकील तोच मुद्दा पकडतो.

अपघातात मृतदेहाचा चेहरा नाही, लांबून वाइड, वाहनांची स्थिती, रस्त्याचं वळण, ब्रेकच्या खुणा. नंबर प्लेट घ्या, पण घरच्यांना कळवलंय याची पोलिसांकडून खात्री होईपर्यंत पाठवू नका. टीव्हीवर गाडी ओळखून कुणाला आपला माणूस गेल्याचं कळू नये.

आता पोटापाण्याचं. केबल वाहिनीवर एकट्याच्या भरवशावर घर चालवणं कठीण आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. लग्नं सोडू नका. मे महिन्यातल्या मोठ्या तिथी आधी डेस्कला सांगून ठेवा, तेवढं जमतं. पण नगरसेवकाच्या वाढदिवसाचं, आमदाराच्या उद्घाटनाचं शूटिंग पैसे घेऊन करू नका. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या गटाराची बातमी करायला जाल तेव्हा तो पत्रकाराला नव्हे, आपल्या फोटोग्राफरला हाक मारेल. पत्रकार परिषदेत पाकीट पुढे आलं तर हसून ‘राहू दे साहेब’ म्हणा, कारण सांगत बसू नका.

नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र. पण तुम्ही कुणासाठी काम करत होता हे दाखवायला कागद लागतो. गळ्यातलं ओळखपत्र कुणीही छापून घेतं. कॅमेरा तुमचा आहे, तर त्याचा विमा तुमच्या नावावर काढा आणि काढताना ‘व्यावसायिक वापर’ असंच लिहा. घरगुती वापर लिहिलेला विमा मोर्चातल्या तुटलेल्या लेन्सला कामाला येत नाही. बातम्यांची वही ठेवा: तारीख, विषय, फाइल किती वाजता गेली. महिन्याअखेरीस हिशेबाला तीच उपयोगी पडते. कार्ड फॉरमॅट करण्याआधी हार्ड डिस्कवर उतरवा, निदान महिनाभर ठेवा. बाईट देणारा दुसऱ्या दिवशी ‘मी असं म्हणालोच नाही’ म्हणतो, आणि तेव्हा फक्त तीस सेकंदांची कापलेली फाइल हातात असून भागत नाही.

परत लग्नांकडे वळायचं का, याचं उत्तर आत्ता देऊ नका. चार महिने थोडे आहेत, आणि तुमच्या तक्रारीतल्या चारपैकी तीन गोष्टी सेटिंग आणि सवयीच्या आहेत, हाताच्या नाहीत. पुढचे पंधरा दिवस रोज एका बातमीचे बरोबर वीस शॉट आणा, एकविसावा नको. संध्याकाळी एडिटरच्या शेजारी दहा मिनिटं बसा आणि त्याने कुठले वापरले ते मोजा. बारा वापरले तर तुमचं चांगलं चाललंय.

जिंबल विकू नका, लग्नाला लागेल. फक्त बातमीच्या बॅगेतून बाहेर काढा. दुसरा वायरलेस माईकही आत्ता नको. आधी एक साधा वायरचा हातातला माईक आणि पाच-पाच मीटरच्या दोन एक्सएलआर केबली घ्या. केबल हात आणि कोपर यांच्याभोवती गुंडाळू नका, दर फेऱ्याला ती पिळली जाते आणि सहा महिन्यांत आतली तार तुटते. एक वळसा सरळ, एक उलटा, असं गुंडाळा. आणि दोन्ही टोकांना कनेक्टरजवळ रंगीत चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहा, कारण पत्रकार परिषद उठली की टेबलाखालच्या सगळ्या केबली काळ्या आणि सारख्याच असतात.